मागी परत गेले, त्याचं काय?

मंडळी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अंधेरी-बोरिवलीच्या गावठाणांतून फिरलात तर नाताळचे गोठे अजून मांडलेले दिसतात. त्यात उंट, आणि मुकुट घातलेले तीन राजे. प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण, म्हणजे एपिफनी, बहुतेकांना माहीत असतो तो एवढाच. तारीख मूळची ६ जानेवारी. आपल्याकडे सहसा जवळच्या रविवारी साजरा होतो.

माझी तक्रार या गोठ्याबद्दल आहे. मत्तयाचा दुसरा अध्याय वाचा. तिथं राजे नाहीत, उंट नाहीत, तीन हा आकडाही नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसं तीन ठरली. राजे आले ते यशयाच्या साठाव्या अध्यायातून आणि बहात्तराव्या स्तोत्रातून. ही दोन्ही वाचनं त्याच दिवशीच्या मिस्सात असतात. मत्तयाकडे आहेत ते मागी. पूर्वेकडचे, तारे बघणारे. सरळ ज्योतिषी म्हणा ना! एरवी चर्चला ज्योतिष अजिबात चालत नाही, आणि इथं देव त्यांना बोलावतो ते ताऱ्यानंच. त्यांना कळणारी भाषा तीच होती.

आता दुसरी बाजू बघा. यरुशलेमात हेरोद शास्त्र्यांना विचारतो, ख्रिस्त कुठं जन्मायचा? ते लगेच संदेष्ट्याचं वचन काढून दाखवतात: बेथलेहेमात. उत्तर अगदी बरोबर. पण त्यांच्यातला कुणी तिकडे गेला, असं मत्तय सांगत नाही. बेथलेहेम तिथून नऊ-दहा किलोमीटर, अंधेरी-बोरिवलीपेक्षाही कमी! ग्रंथ जवळ असलेले बसून राहिले, परके पोहोचले. हा झोंबणारा भाग गोठ्यात मांडताच येत नाही.

पौलाचं इफिसकरांस पत्रही त्या दिवशी वाचतात: परराष्ट्रीयही वारसदार आहेत. कॅथलिक श्रद्धेत प्रकटीकरणाचा गाभा हाच. पण परक्यानं यायचं कसं? मत्तयाचे मागी नमन करतात, भेटी देतात आणि दुसऱ्या वाटेनं आपल्या देशी परत जातात. त्यांनी तारे बघणं सोडलं, असं तो कुठंही म्हणत नाही.

हे मनात ठेवून बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत जा. मूळची शैव लेणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कनांनी तिथं चर्च केलं. आत एका भिंतीवर, जिथं शिल्प होतं तिथं, मोठा क्रूस कोरलेला आहे. आज लेण्यांत पुन्हा शिवाची पूजा होते. मी हे कुणाला चिथवायला सांगत नाही. आजच्या भाविकांचा त्यात काय दोष? पण त्या भिंतीवर परक्याची भेट स्वीकारलेली नाही, पुसलेली आहे. एपिफनीचा अर्थ तिथं उलटा झालाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच राजवटीत, गोव्यात, फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मराठी शिकत होता. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. ओवीत, पुराणाच्या घाटात, जवळपास अकरा हजार ओव्या. हेतू धर्मप्रसाराचाच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. इथल्या लोकांचे देव त्याला मान्य नव्हते. पण इथला छंद त्यानं तासून काढला नाही, त्यातच गोष्ट सांगितली. ताऱ्याच्या जवळ जाणारं काही त्या काळात मला दिसतं ते हे.

आता मंडपेश्वरबद्दल कुणाला माझं खोडायचं असेल तर जरूर खोडा. माईक मागे पाठवा.