ब्रीद कोणाचे? स्कॉटिश क्लॅनची ब्रीदवाक्ये आणि कुलचिन्हांचे संकेत : एक चिकित्सा

प्रस्तावना

एडिंबरो शहरातील रॉयल माइल या रस्त्यावरच्या दुकानांतून क्लॅनच्या नावाने धातूची एक छोटी तबकडी विकली जाते. मध्यभागी एखादे शिरचिन्ह, त्याभोवती बक्कल लावलेला गोल पट्टा आणि पट्ट्यावर कोरलेले ब्रीद, अशी तिची रचना असते. कॅनडातून वा ऑस्ट्रेलियातून आलेला मॅकडोनाल्ड किंवा कॅम्बेल आडनावाचा प्रवासी ती ‘आपल्या घराण्याचे चिन्ह’ म्हणून विकत घेतो. स्कॉटलंडच्या कायद्यानुसार मात्र ते चिन्ह आणि ते ब्रीद त्याचे नसते, ते कुलप्रमुखाचे असते. प्रवासी विकत घेतो ती दुसऱ्याच्या चिन्हाची, निष्ठेची खूण म्हणून बाळगावयाची प्रतिकृती.

क्लॅनच्या ब्रीदांवरील लोकप्रिय लेखन बहुधा अर्थ आणि आख्यायिका यांच्या सूचीपाशी थांबते. हे शब्द कोणाचे, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या आधारे ब्रीद आणि त्याभोवतीचे संकेत यांची चिकित्सा केली आहे.

रणघोष आणि ब्रीद

‘क्लॅन’ हा शब्द गेलिक भाषेतील असून त्याचा मूळ अर्थ ‘अपत्ये’ असा आहे. एका पूर्वजाची अपत्ये मानला गेलेला समूह, त्याचा प्रमुख आणि त्याची भूमी हे या व्यवस्थेचे तीन घटक होत. या समूहाला एकत्र बोलावणारी हाक म्हणजे ‘स्लुअग-घैर्म’. स्लुअग म्हणजे सैन्य वा जमाव आणि घैर्म म्हणजे हाक. आज मराठीतही जाहिरात आणि निवडणूक यांच्या संदर्भात सहजपणे वापरला जाणारा ‘स्लोगन’ हा शब्द इंग्रजीमार्गे याच गेलिक शब्दापासून आला आहे.

हे रणघोष बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांपैकी अनेक घोष ही स्थळांची नावे आहेत. कॅम्बेलांचा ‘क्रूआखन’ हा एक पर्वत आहे. ग्रँटांचा ‘क्रेग एलाखी’ हा एक खडक आहे. मॅकफार्लेनांचा ‘लॉख स्लॉय’ हे एक सरोवर आहे. रणघोष सद्गुणाचा उपदेश करीत नाही. तो ठिकाण सांगतो, म्हणजेच समूह आणि भूमी यांचे नाते उच्चारतो. तो तोंडी असतो, सर्वांचा असतो आणि तो उच्चारण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

ब्रीदाचे स्वरूप याहून वेगळे आहे. ते लिखित असते, कुलचिन्हाचा भाग म्हणून येते आणि बहुधा एखादा गुण, निर्धार किंवा श्रद्धा सांगते. मॅक्लाउडांचे ब्रीद ‘घट्ट धरून राहा’ असे आहे, तर सदरलँडांचे ‘निर्भय’ असे. रणघोषाकडून ब्रीदाकडे येताना भूमीचा उल्लेख बहुतांशी गळतो आणि त्याची जागा चारित्र्याचा दावा घेतो.

ब्रीदांची भाषा

क्लॅनव्यवस्था गेलिक भाषेत नांदली. तथापि तिची ब्रीदे मोठ्या प्रमाणावर अन्य भाषांत आढळतात. कॅम्बेलांचे ‘ने ऑब्लिविस्कारिस’, म्हणजे ‘विसरू नकोस’, हे लॅटिन आहे. मॅकेन्झींचे ‘लूसेओ नॉन उरो’, म्हणजे ‘मी तळपतो, जाळत नाही’, हेही लॅटिन आहे. लोव्हॅटच्या फ्रेझरांचे ‘मी सज्ज आहे’ हे ब्रीद जुन्या फ्रेंचमध्ये आहे. गॉर्डनांचे ‘बायडँड’, म्हणजे ‘ठाम उभा असलेला’, हे स्कॉट्स भाषेत आहे. यामागचे कारण उघड आहे. कुलचिन्हे ही युरोपातील सरदारवर्गाची समाईक भाषा होती. आपल्या लोकांना हाक मारताना प्रमुख गेलिक बोलत असे. राजदरबारातील समकक्षांसमोर उभा राहताना तो लॅटिन आणि फ्रेंच धारण करीत असे. ब्रीदाचा अपेक्षित वाचक क्लॅनमधील सामान्य कूळ नव्हते.

मॅकिंटॉशांचे ‘टच नॉट द कॅट बॉट अ ग्लव्ह’ हे ब्रीद या दृष्टीने उद्‌बोधक आहे. येथील ‘बॉट’ या स्कॉट्स शब्दाचा अर्थ ‘वाचून’ असा आहे; त्यामुळे ‘हातमोज्यावाचून मांजराला हात लावू नका’ असा वाक्याचा अर्थ होतो. या ब्रीदातील रानमांजर ‘क्लॅन कॅटन’ या नावावरील श्लेषातून आले आहे. वस्तुतः त्या नावाचा संबंध परंपरेने संत कॅटनचा सेवक असलेल्या पूर्वजाशी जोडला जातो. मांजराशी त्याचे नाते केवळ ध्वनीचे आहे. नावावर कोटी करून चिन्ह सिद्ध करणे ही कुलचिन्हशास्त्रातील मान्य रीत आहे. ब्रीदामागे प्रत्येक वेळी रणांगणातील पराक्रमच असला पाहिजे, ही समजूत अशा उदाहरणांसमोर टिकत नाही.

मॅकग्रेगरांचे ‘माझे कुळ राजवंशी आहे’ हे गेलिक ब्रीद या पार्श्वभूमीवर अपवादात्मक वाटते. १६०३ मध्ये या कुळाचे नाव धारण करण्यासच बंदी घालण्यात आली. मधल्या काळात ती उठली आणि पुन्हा लादली गेली. अखेर १७७४ मध्ये ती रद्द झाली. ज्यांना स्वतःचे आडनाव उच्चारता येत नव्हते, त्यांच्या प्रमुखाच्या ब्रीदात राजवंशाचा दावा असावा, हा विरोधाभास अर्थपूर्ण आहे. सत्तेने नाकारलेली प्रतिष्ठा शब्दांत जपणे, हेही ब्रीदाचे एक कार्य असते.

कायद्याची चौकट

इंग्लंडमध्ये ब्रीद हा कुलचिन्हाच्या सनदेचा बंधनकारक भाग मानला जात नाही. धारक ते इच्छेनुसार बदलू शकतो. स्कॉटलंडमध्ये ब्रीद सनदेतच नमूद होते आणि ते बदलावयाचे असल्यास नव्याने नोंद करावी लागते. चित्रणातही भेद आहे. इंग्रजी पद्धतीत ब्रीदाची फीत सामान्यतः ढालीखाली, तर स्कॉटिश पद्धतीत शिरचिन्हाच्या वर दाखवितात.

या साऱ्याचे नियमन ‘लॉर्ड लायन’ हा राज्याधिकारी करतो. त्याचे न्यायालय आजही कार्यरत आहे. १५९२ च्या कायद्याने कुलचिन्हांच्या गैरवापरावर कारवाईचा अधिकार त्याला मिळाला, तर १६७२ च्या कायद्याने सार्वजनिक नोंदवहीची व्यवस्था झाली. या व्यवस्थेचे मूलतत्त्व असे की, कुलचिन्ह ही व्यक्तीची मालमत्ता आहे, आडनावाची नव्हे. एका वेळी मूळ चिन्ह एकाच व्यक्तीचे असते. धाकट्या शाखांना त्यात भेददर्शक बदल करून स्वतंत्र नोंद करावी लागते.

पट्टा-बक्कलाची योजना याच चौकटीतून समजून घ्यावी लागते. क्लॅनमधील सामान्य व्यक्ती प्रमुखाचे शिरचिन्ह आणि ब्रीद धारण करू शकते, पण पट्ट्याने वेढूनच. स्वतः प्रमुख पट्ट्याऐवजी साधे वर्तुळ वापरतो आणि त्यामागे गरुडाची तीन पिसे लावतो. पट्टा म्हणजे ‘मी याचा अनुयायी आहे’ या विधानाचे दृश्यरूप होय. चिन्ह ‘आपले’ म्हणून मिरविणारा मनुष्य त्याच क्षणी ते आपले नसल्याची कबुली देत असतो. हे रूप फार प्राचीनही नाही. ते एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. त्याहून जुनी मानली जाणारी खूण म्हणजे टोपीत खोवलेली वनस्पती: मॅकडोनाल्डांचे हेदर, ग्रँटांचे पाइन. तीही, रणघोषाप्रमाणेच, भूमीतून आलेली होती.

दोन भूमिका आणि त्यांच्या मर्यादा

या विषयावर दोन परस्परविरोधी भूमिका प्रभावी ठरल्या. १९४५ ते १९६९ या काळात लॉर्ड लायन असलेले थॉमस इन्स ऑफ लर्नी यांनी क्लॅन ही प्रमुखाच्या कुलचिन्हाभोवती उभी असलेली, कायद्याने मान्य अशी उच्चकुलीन संस्था आहे, असे प्रतिपादन केले. उलट ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ या संग्रहातील लेखात हायलँड परंपरेचा मोठा भाग ही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील निर्मिती असल्याचे मांडले. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला असता वॉल्टर स्कॉटने योजिलेला हायलँड पोशाखाचा सोहळा हा त्या मांडणीतील महत्त्वाचा टप्पा आहे.

दोन्ही मांडण्यांत तथ्यांश आहे. परंतु दोन्ही अपुऱ्या आहेत. इन्स यांची भूमिका नोंदवहीला समाजाच्या जागी बसविते. १९४१ मध्येच, मॅक्लीन ऑफ आर्डगोर खटल्यात, क्लॅनच्या प्रमुखपदाच्या वादाचा निवाडा करणे लायन न्यायालयाच्या अधिकारात येत नाही, असा निर्णय वरिष्ठ न्यायालयाने दिला होता. चिन्हाची मालकी आणि समूहाचे नेतृत्व या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्यातून सूचित होते. ट्रेव्हर-रोपर यांची भूमिका परंपरेचा बनावटपणा दाखविते; पण त्या परंपरेची गरज लोकांना का वाटली, या प्रश्नापाशी ती फारशी थांबत नाही.

भूमी गेली, शब्द उरले

या गरजेचे उत्तर इतिहासात आहे. १७४६ मधील कलोडनच्या पराभवानंतर प्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेण्यात आले. पुढील काळात अनेक प्रमुख केवळ जमीनदार झाले आणि मेंढपाळीच्या उत्पन्नासाठी कुळांना भूमीवरून हटविले गेले. ‘निर्भय’ हे ब्रीद मिरविणाऱ्या सदरलँड घराण्याच्या इस्टेटीतील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ मध्ये घरे जाळण्यात आली. या प्रकरणी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेलांचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांचे शिरचिन्ह खडकावर बसलेला डोमकावळा, रणघोष ‘डोमकावळ्याचा खडक’ आणि ब्रीद ‘समुद्रावरून, भूमीवरून’ असे आहे. तो खडक ग्लेनगॅरीत प्रत्यक्ष उभा आहे. १८१५ मध्ये ‘खऱ्या हायलँडरांची’ संस्था स्थापणारा आणि १८२२ च्या सोहळ्यात डौलाने वावरणारा अलिस्टर मॅकडोनेल हा या कुळाचा प्रमुख. त्याच्या घराण्याच्या इस्टेटीवरून मात्र १७८० च्या दशकापासून माणसे कॅनडात स्थलांतर करीत होती. ऑन्टॅरिओतील ग्लेनगॅरी परगणा त्यांच्याच वस्तीची आठवण आहे. ‘समुद्रावरून’ या शब्दाचा सर्वांत कठोर अर्थ कुळांच्या वाट्याला आला. प्रमुखाकडे चिन्ह राहिले. खडकाभोवतीची माणसे गेली.

समारोप

समूहाचा तोंडी रणघोष भूमीशी बांधलेला होता. प्रमुखाचे लिखित ब्रीद नोंदवहीशी बांधले गेले. भूमीचे नाते तुटल्यावर स्थलांतरितांच्या वंशजांना जोडून घेण्यासाठी उरले ते हेच ब्रीद, आणि तेही पट्ट्याने वेढलेले. म्हणून रॉयल माइलवरच्या त्या तबकडीला केवळ बाजारू वस्तू म्हणून हसणे किंवा प्राचीन वारसा म्हणून गौरविणे, या दोन्ही प्रतिक्रिया उथळ ठरतात. ‘विसरू नकोस’ ही आज्ञा कोण कोणाला करीत आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ब्रीद प्रमुखाच्या नावे नोंदलेले असेल. परंतु ज्यांची घरे गेली आणि ज्यांच्या वंशजांनी समुद्रापलीकडे ते शब्द जपले, त्यांचा त्या स्मरणावरील हक्क कोणत्याही नोंदवहीत मावणारा नाही.