गोया आणि भयानकाचा विक्रय

फ्रान्सिस्को गोयाने १७९९ मध्ये 'काप्रिचोस' हा ८० मुद्राचित्रांचा संच माद्रिदमधील एका अत्तर-मद्याच्या दुकानात विक्रीस ठेवला. चेटकिणी, राक्षस, गाढवरूपी वैद्य यांची ती चित्रे फारशी खपली नाहीत. १८०३ मध्ये त्यांचे ताम्रपट राजाकडे गेले. पुढे, १८१९ मध्ये घेतलेल्या घराच्या भिंतींवर त्याने १४ भीषण चित्रे रंगविली. ती विक्रीसाठी नव्हती. तेवढ्यावरून पहिली बाजारू व दुसरी अस्सल ठरविणे अन्यायाचे होईल. वैद्य झालेले गाढव पाहताना रुग्णाच्या जागी आपण आहोत अशी शंका येते. पुत्रभक्षक सॅटर्नच्या डोळ्यांत क्रौर्याहून भीतीच अधिक दिसते. दोन्हीकडे भयाचे आलंबन माणूसच आहे. भयानक रस टिकतो तो या आत्मप्रत्ययामुळे. ग्राहक असणे वा नसणे हा त्याचा निकष होऊ शकत नाही.