किल्ली कोणाकडे?

‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ म्हणजे बोलणं फक्त बोलणाऱ्यांनाच कळणं. झूम हेच सांगत होतं. किल्ल्या मात्र कंपनीच्याच सर्व्हरवर होत्या. एप्रिल २०२०मध्ये शाळा-कचेऱ्या झूमवर भरत असताना केंद्रीय गृह मंत्रालयाने ते सुरक्षित नसल्याचं बजावलं.

मग लोक जित्सी मीट सुचवतात. त्याचा कोड खुला आहे, हे मोलाचंच. पण २०२३पासून त्याच्या मोफत सर्व्हरवर खोली उघडायला गूगल, फेसबुक किंवा गिटहबचं खातं लागतं. ग्रुप कॉलमध्ये एंड-टू-एंड आपणहून सुरू करावं लागतं. स्वतःचा सर्व्हर संस्थेला जमेल, भोकरदनच्या एकट्या मुलीला नाही.

तिला घरातल्या छळाबद्दल जालन्याच्या वकिलाशी बोलायचं असेल, तर सिग्नल बरं. नोंदणीला मोबाइल नंबर लागतो हा दोष, पण कुलूप आपोआप लागतं, ग्रुप कॉललाही.

तरी फोन घरात चार हातांत फिरत असेल, तर कॉलची नोंद कोणीही पाहील, बोलणं भिंतीपलीकडे ऐकू जाईल. तिथे मैत्रिणीचा फोन आणि मैत्रिणीचं घर कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भरवशाचं. म्हणून अ‍ॅप निवडण्याआधी ठरवा: लपवायचंय कोणापासून?