खडकीचा क्रूस : युद्धस्मारक कसे वाचावे?

वारसास्थळ म्हटले की आपण आधी त्याचे वय विचारतो, मग ते कोणी घडवले हे विचारतो. युद्धस्मारकापुढे हे दोन प्रश्न पुरत नाहीत. पुण्यातील खडकीच्या युद्ध दफनभूमीत उभा असलेला क्रूस घ्या. त्याचा आराखडा रेजिनाल्ड ब्लॉमफिल्ड या वास्तुविशारदाने १९१८ च्या सुमारास केला : अष्टकोनी पायथा, त्यावर उंच दगडी क्रूस आणि क्रुसावर पाते खाली केलेली कांस्य तलवार. चाळीस किंवा अधिक कबरी असलेल्या राष्ट्रकुलाच्या दफनभूमींत जगभर हाच नमुना उभारला गेला. फ्रान्समधला क्रूस आणि खडकीचा क्रूस शेजारी ठेवले, तर कोणता कुठला हे ओळखणे अवघड जाईल. म्हणजे कलाकृती म्हणून यात 'आपले' असे काही नाही.

रचनेबद्दल माझे मत सांगतो. या आराखड्याची खरी ताकद आणि खरी अडचणही तलवारीतच आहे. मूठ वर आणि पाते खाली, त्यामुळे तलवार स्वतःच दुसरा क्रूस होते. मारणे आणि मरणे, दोन्ही एकाच 'बलिदान' या शब्दात मिटून जातात. आपल्याकडच्या वीरगळाशी तुलना करून पाहा. त्यात खालच्या चौकटीत लढाई असते, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो. वीरगळ गोष्ट सांगतो, घाव दाखवतो. बहुतेकदा नाव मात्र सांगत नाही. क्रूस गोष्ट सांगत नाही. ते काम तो भोवतीच्या नावांवर सोडतो. म्हणून क्रूस पाहून झाला की नावांकडे वळायचे.

खडकीचे वेगळेपण इथे सुरू होते. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, पुढे कायम देखभाल होईल याची खात्री नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातील कबरी एकत्र आणण्यासाठी ही दफनभूमी केली गेली. इथे अशा १,६६८ कबरी आहेत. रायपूर, नागपूर, जबलपूरकडच्या विद्यार्थ्यांनी 'मध्य भारत' हा शब्द लक्षात ठेवावा : तुमच्या भागाच्या युद्धस्मृतीचा ठावठिकाणा असा दूर पुण्यात निघू शकतो. याच आवारात पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक आहे. त्यावर १,८०० हून अधिक सैनिकांची नोंद असून त्यांत ६२९ जण मुंबईच्या शिवडी दफनभूमीतले आहेत; त्यांचे अवशेष मार्च १९६२ मध्ये इथे आणले गेले. मृतांचीही बदली होते, असे म्हणावेसे वाटते. सांभाळ झाला हे खरे, पण ज्या गावी माणूस मेला त्या गावाशी त्याचे नाते तुटले. वारशाचा विचार करताना हा तोटाही मांडला पाहिजे.

आता न दिसणाऱ्या नावांकडे या. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व होते की हुद्दा, वंश, धर्म यांवरून मृतांत भेद करायचा नाही. प्रत्यक्षात काय झाले? इराकमधल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. भारतीय शिपाई मात्र पलटणीगणिक आकड्यांत आले. त्याच मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणी लढल्या होत्या. दिल्लीचे इंडिया गेट सुमारे ७० हजार भारतीय सैनिकांचे स्मारक मानले जाते. त्यावरची नावे तेरा हजारांच्या आसपास. हे जागेच्या टंचाईमुळे झाले असे कोणी म्हटले, तर फ्रान्समधले नव शापेलचे स्मारक दाखवावे. हर्बर्ट बेकर यांनी रचलेल्या आणि १९२७ मध्ये खुल्या झालेल्या त्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत, आणि क्रुसाऐवजी अशोकस्तंभाची आठवण देणारा खांब आहे. इच्छा असली की रूपही बदलता येत होते आणि नावेही लिहिता येत होती.

आयोगानेच नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला. किमान १,१६,००० मृत, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंदले गेले नाहीत किंवा त्यांची नोंदच झाली नाही, असे त्यात मान्य केले आहे. हे बहुतांशी आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले. आयोगाने त्याबद्दल माफीही मागितली.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. ब्रिटिशांनी तिथे स्मारक उभारले. महाराष्ट्रातल्या इतर अनेक गावांच्या वेशीवर, चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते. तिच्यावर गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत एवढेच लिहिलेले असते. चुना फासलेली अशी पाटी कोणी थांबून वाचत नाही, आणि तिच्याकडे लक्ष ठेवायला कोणता आयोगही नाही.

खडकीला गेलात तर क्रुसाचे छायाचित्र काढा, हरकत नाही. पण त्याच आवारात पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचेही एक स्मारक आहे. १९३९ ते १९४५ दरम्यान, लढाई नसलेल्या भागांत, ते भारतात मरण पावले. ते शोधा, आणि घरी आलात की आपल्या गावच्या पाटीवरचा आकडा वहीत उतरवून घ्या.