आकृतिबंधाचे अंकगणित आणि शिक्षणाचे सांधे

शिक्षणाच्या पुनर्रचनेचा प्रश्न आपल्याकडे बहुधा बेरजेच्या रूपाने मांडला जातो. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ साली सादर केलेल्या अहवालातून दहा, दोन आणि तीन ही मांडणी रूढ झाली; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय वर्षांची पाच, तीन, तीन आणि चार अशी फोड केली. दोन्ही आकृतिबंधांत विद्यार्थी अठराव्या वर्षाच्या सुमारासच शाळेबाहेर पडतो. बदलल्या आहेत त्या सांध्यांच्या जागा; तेव्हा व्यवस्थेची परीक्षा करावयाची ती तेथेच केली पाहिजे.

पहिला सांधा तिसऱ्या ते आठव्या वर्षांमधील. पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांचा एकच पायाभूत स्तर कल्पिणे शास्त्रदृष्ट्या योग्यच होय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात आदिवासींच्या अंगणात बालवाडी नेली, तेव्हाच बालशिक्षण हे शाळेच्या दाराबाहेर सुरू होते हे सिद्ध झाले होते. परंतु १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, आणि पहिलीचा वर्ग शालेय शिक्षण विभागाकडे, ही वाटणी धोरणाने पुसली गेली नाही. पोषण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या सांभाळणाऱ्या सेविकेकडून आता अध्यापनाचीही अपेक्षा आहे. तिच्या मानधनाचा विचार मात्र वेगळ्या खात्यात होतो. शिवाय २००९ च्या कायद्याने दिलेला हक्क ६ ते १४ या वयाचा. ज्यास पाया म्हणावयाचे, त्याची पहिली तीन वर्षे हक्काच्या कक्षेबाहेर राहतात, ही विसंगती शब्दांची नाही.

दुसरा सांधा अकरावी-बारावीचा. कोठारी आयोगाच्या कल्पनेत ही दोन वर्षे माध्यमिक शिक्षणाची परिणती होती, आणि दहावीनंतरच्या सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांनी व्यावसायिक शिक्षणाकडे वळावे असा तिचा आग्रह होता. महाराष्ट्रात या वर्षांना 'कनिष्ठ महाविद्यालय' हे नाव मिळाले आणि नावानेच अर्धा घोटाळा केला. एकाच छपराखाली कनिष्ठ विभाग राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाने व शालेय शिक्षण विभागाच्या नियमांनी चालतो, वरिष्ठ विभाग विद्यापीठाच्या. विद्यार्थी शाळेचा राहिला नाही आणि महाविद्यालयाचा झाला नाही. व्यावसायिक शाखा दुय्यम ठरली, कारण पालकांच्या हिशेबात ती पदवीपासून दूर नेणारी वाट होती. नववी ते बारावी एकत्र धरणारा नवा स्तर हा दोष ओळखतो खरा; परंतु माध्यमिक शाळेत अकरावीचे शिक्षक आणि प्रयोगशाळा कोठून येणार, या प्रश्नापाशी त्याची मांडणी सैल पडते. येथे द्रव्याचा मुद्दा टाळता येत नाही: शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करण्याचा संकल्प १९६८ च्या धोरणात होता, तोच २०२० च्या धोरणात पुन्हा करावा लागला.

विद्यापीठीय टप्प्याविषयी थोडक्यात. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन किंवा चार वर्षांनंतर पदवी, अशी बाहेर पडण्याची दारे ठेवली आहेत. लवचिकता म्हणून ती स्वागतार्ह होत. मात्र या दारांतून प्रथम कोण बाहेर पडेल, हे विद्यार्थ्याच्या अभिरुचीपेक्षा घरच्या मिळकतीवर अधिक अवलंबून राहील. आणि परत आत येणाऱ्यासाठी शिष्यवृत्तीची तरतूद त्याच प्रमाणात वाढविल्याशिवाय प्रमाणपत्र हे गळतीचेच सौम्य नाव ठरण्याचा संभव आहे.