एका विद्यार्थिनीचा निबंध

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहासाचे प्रेम जरा अधिकच असते. भोवताली आपली भाषा नसते. तेव्हा घरातील दोन-चार बखरी, भिंतीवरील शिवछत्रपतींचे चित्र आणि मंडळातील व्याख्याने यांच्या आधारावर आम्ही आपली ओळख टिकवून धरतो. त्यात गैर काही नाही. मात्र हा इतिहास कोणाच्या दारातून पाहिलेला आहे, हा प्रश्न आमच्या मनात सहसा येत नाही. ज्या लेखाने तो आणला, त्याविषयी चार शब्द लिहावेत असा आमचा हेतू आहे.

मुक्ताबाई नावाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला हा निबंध. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत ती शिकत होती. जातीने मांग, वयाची पंधरा वर्षेही पुरी झालेली नव्हती. अमेरिकन मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने १८५५ साली १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांत तो छापला.

अर्ज वाचणे हा आमचा पोटाचा उद्योग असल्यामुळे, दुःख सांगताना माणसाचा आवाज कसा खाली येतो हे आम्ही जाणतो. या निबंधाचा आरंभही ईश्वराला स्मरून, दीन स्वरातच होतो. परंतु अर्जदाराची लवकरच वकील होते. वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर ज्यांना धर्मपुस्तक नाही त्यांना धर्मही नाही हे उघड झाले. मग आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावे, असा तिचा युक्तिवाद आहे. प्रतिपक्षाचेच म्हणणे मान्य करून त्याला शेवटास नेण्याची ही रीत, थोडक्या शिक्षणावर, या मुलीला साधली आहे.

पुढे इतिहास येतो. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचे शिर तोडून त्याचा चेंडू करीत; इमारतींच्या पायात माणसे पुरीत; असे ती लिहिते. यावर पुष्कळांची पहिली प्रतिक्रिया ‘पुरावा काय?’ ही असते. एकेक तपशील कागदपत्रांशी ताडून पाहणे हे संशोधकांचे काम आहे आणि ते अवश्य व्हावे. तथापि पेशवाई १८१८ साली बुडाली आणि निबंध १८५५ चा. मध्ये अवघी ३७ वर्षे. ते राज्य डोळ्यांनी पाहिलेली माणसे तिच्या वस्तीत होती. १९४७ ची फाळणी आज आपल्यापासून याच्या दुपटीहून दूर आहे; तरी तिच्या घरोघरच्या आठवणींना आपण ऐकीव गप्पा म्हणत नाही.

निबंधातील सर्वांत जिव्हारी लागणारी जागा मात्र या प्रसंगांहून लहान आहे. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी मांग-महारांची मुले तक्रार करीत नाहीत; कारण उष्टे मागायला त्यांच्याच दारी जावे लागते. जुलूम तलवारीवाचूनही कसा चालतो, हे एवढ्यात कळते. भूक आपोआप तोंड बंद ठेवते.

आणि तेथेच ती थांबत नाही. महारही मांगांना आपल्याहून हलके मानतात, त्यांची सावली टाळतात, हे ती लपवीत नाही. दुःख भोगणाऱ्यालाही जबाबदारीतून सूट नाही, असा या मुलीचा न्याय आहे. म्हणूनच शेवटी आपल्या लोकांना ती ज्ञानाचे औषध घ्या म्हणून बजावू शकते.

उणे नाही असे नाही. इंग्रजी राज्याची तिने मानलेली कृतज्ञता एकांगी आहे. त्या राज्याने या देशाकडून काय घेतले याचा विचार तिच्यात नाही. पण राज्याची परीक्षा ती एकाच कसोटीवर करते: रस्त्याने निर्भयपणे चालता येते की नाही. ही कसोटी आपल्याला सुचली नाही, कारण आपल्याला तिची गरज पडली नाही.

आमच्या येथील मंडळात आम्ही हा निबंध वाचून दाखविला. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “परमुलखात घरची लक्तरे कशाला?” त्या वेळी आम्हाला उत्तर सुचले नाही. घरी परतल्यावर आठवले की, बदलीच्या या गावी आलो तेव्हा घरमालकाने प्रथम जात विचारली होती, आणि आम्ही ती तत्परतेने सांगून घर मिळविले होते. त्याच दारावरून कोणीतरी त्याच आठवड्यात परत गेले असेल. पूर्वजांच्या तलवारींचा हिशेब आमच्याकडून कोणी मागणार नाही. पण या दोन खोल्यांचा हिशेब आमचाच आहे.

पुढील खेपेस मंडळात इतिहासाचे व्याख्यान होईल, तेव्हा हा निबंध पुन्हा वाचावा असे आम्ही सुचविणार आहोत, आणि या वेळी त्याबरोबर घराची ही हकिकतही सांगणार आहोत.