‘अधांतर’ आणि गिरणगावाचा ऱ्हास

एकाच उद्योगावर उभे राहिलेले नगर तो उद्योग बसला म्हणजे कायमचे खालावते काय, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा समजला जातो. परंतु केवळ आकड्यांवरून त्याचे उत्तर देऊ पाहणाराची फसगत होण्याचा संभव फार. नगर म्हणजे घरे, रस्ते व बाजार यांची बेरीज, की त्यात नांदणाऱ्या माणसांचा संसार, याचा निर्णय आधी करावा लागतो. आणि तो करण्याच्या कामी वाङ्मयाइतके साहाय्य दुसरे कोणतेही शास्त्र करीत नाही. इंग्रजीत गोल्डस्मिथने १७७० साली ओसाड पडलेल्या खेड्यावर आपले प्रसिद्ध काव्य लिहिले, आणि डिकन्सने १८५४ साली ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत गिरण्यांच्या धुराने काळवंडलेले कोकटाउन उभे केले. मराठीत मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ (१९३३) या कादंबरीत चालत्या गिरणीचे जग आणले. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) पासून त्या जगातला कामगार स्वतःच्या वाणीने बोलू लागला. पण भोंगा थांबल्यावर त्या वस्तीचे काय झाले, हे ज्या कृतीने निर्भीडपणे दाखविले ती म्हणजे जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक होय. त्या नाटकाच्या आधारे वरील प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मुंबईच्या गिरणगावाची चर्चा पुसदेत बसून करण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे समाधान सोपे आहे. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवीमुळे लिव्हरपूलच्या बाजारास कापसाचा तुटवडा पडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे भाग्य उजळले. उमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून तो कापूस विलायतेत ओळखला जाऊ लागला. १८७० साली खामगावास आगगाडीचा फाटा आला, तोही या कापसासाठीच. तात्पर्य, वऱ्हाडचा शेतकरी, जिनातला मजूर, अडत्या आणि परळचा साचेवाला हे एकाच धाग्याला बांधलेले होते. त्या धाग्याचे एक टोक तुटले असता दुसऱ्या टोकाशी बसलेल्याने ‘आपणांस काय त्याचे’ असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. तो मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. तो विझला, आणि त्याबरोबर लक्षावधी चुलीही विझल्या. पुढे १६ जानेवारी १९९७ रोजी सामंतांची हत्या झाली. त्याच वर्षी ‘अधांतर’ रंगभूमीवर आले. लेखक स्वतः गिरणगावात वाढलेले असल्यामुळे त्या वस्तीविषयी त्यांच्या लेखणीत उपऱ्याची कणवही नाही आणि उपऱ्याचे कुतूहलही नाही.

नाटकाचे कथानक थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. चाळीतील एक खोली आणि तीत राहणारे गिरणी कामगाराचे कुटुंब. संसार ओढणारी आई, तीन मुलगे व एक मुलगी. एका मुलास, बाबास, लेखक व्हावयाचे आहे. मोहनचे चित्त क्रिकेटात रमलेले. नरू गुंडांच्या टोळीत ओढला गेला आहे. जावई राणे हाही गिरणीशीच बांधलेला. बाहेर गिरणी बंद आहे, आणि घरातील प्रत्येक जण आपापल्या परीने लोंबकळत आहे. नाटकाच्या नावातच ही अवस्था आलेली आहे. पाय टेकावयास जमीन नाही आणि हात पोचेल असे आकाशही नाही.

या नाटकाचा मोठा गुण असा की, त्यात दारिद्र्याचे प्रदर्शन नाही. दारिद्र्य गिरणी चालू असतानाही होते. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे तेव्हाही राहात होती. मग गेले काय? गेला तो क्रम. गिरणीचा भोंगा हा केवळ पाळीची वेळ सांगत नसे. तो घराचे उठणे-बसणे, मुलाचे वयात येणे, मुलीचे लग्न ठरणे यांची वेळ सांगत असे. बापाच्या ‘बदली’वर मुलगा लागावा, गावाकडून भाचा आणावा, त्याला खानावळीत जेवू घालावे, सणाला मंडळाचा गणपती बसवावा, अशी एक समाजरचना त्या पगारावर उभी होती. कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांनी दोन-तीन पिढ्यांत ती रचली. भजनी मंडळे, व्यायामशाळा, शाहिरांचे फड, कामगार रंगभूमी ही सारी तिची अपत्ये. पगार थांबताच ती रचना सुटी होऊ लागते आणि घरातील माणसे परस्परांस अनोळखी होतात, हे ‘अधांतर’ दाखविते. नरू जन्मतः दुष्ट नाही; त्याच्या धाडसाला पूर्वी गिरणीत, मंडळात वा संघटनेत जे स्थान मिळाले असते ते आता टोळीत मिळते. नाटककाराने हे व्याख्यान देऊन सांगितलेले नाही; भांडणाच्या, जेवणाच्या आणि टोमण्यांच्या ओघात ते आपोआप कळते. मुलांच्या भांडणात मध्ये पडणारी आई ही मराठी रंगभूमीवरील नेहमीची सोशीक माता नव्हे. तिच्या बोलण्यात कडवटपणा आहे, हिशेबीपणा आहे, आणि म्हणूनच तिचे दुःख खरे वाटते.

आता दोषाकडे वळू. सर्व काही एका खोलीत घडविण्याचा जो संकेत नाटककाराने पाळला, त्याने एकाग्रता साधली खरी. परंतु त्यामुळे खोलीबाहेर जे चालले होते ते प्रेक्षकास फारसे दिसत नाही. संकट येते ते जणू आकाशातून. गिरण्या का बंद पडल्या, त्यांच्या जमिनी कोणाच्या घशात गेल्या, कायद्याने त्यात कोणता भाग घेतला, हे प्रश्न उंबरठ्याशीच अडतात. परिणामी अनेक प्रेक्षक नाट्यगृहातून बाहेर पडताना ‘उद्योग गेला, नगर गेले’ असा दैववादी निष्कर्ष घेऊन जातात. २०१० साली महेश मांजरेकरांनी या नाटकावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपट केला. त्यात गिरणीमालक पडद्यावर आला. पण तो खलपुरुष होऊन आला. दुष्ट माणूस दाखविला की प्रेक्षकाचा संताप शमतो आणि व्यवस्थेचा विचार टळतो. येथे विषय एखाद्या माणसाच्या दुष्टपणाचा नव्हता, जमिनीच्या किमतीचा होता.

ही गोष्ट अंमळ विस्ताराने पाहणे अवश्य आहे. १९९१ च्या विकास नियमावलीत अशी तरतूद होती की, गिरणीची जमीन विकासास काढल्यास तिचा एक तृतीयांश नगरपालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी व एक तृतीयांश मालकास मिळावा. २००१ साली या नियमात फेरफार होऊन ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीची जमीन बहुतांशी इमारतींनी व्यापलेली; तेव्हा वाटून घ्यावयाचे ते काय उरणार! ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा फेरफार ग्राह्य मानला. २०१२ पासून म्हाडाने गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती काढल्या खऱ्या; परंतु अर्जदार घरांच्या अनेक पट होते, आणि पुढे काहींच्या वाट्यास घर आले ते परळात नव्हे, पनवेलजवळच्या कोन गावी.

या वृत्तान्तावरून एक विलक्षण गोष्ट स्पष्ट होते. परळ-लालबाग या नगरभागाचा ऱ्हास झालाच नाही! तेथे उत्तुंग मनोरे उठले, कचेऱ्या आल्या, फिनिक्स गिरणीच्या जागी भव्य बाजार भरला. अर्थशास्त्रज्ञाने जमिनीचे भाव मांडले तर तो या भागास भरभराटलेला म्हणेल, आणि त्याचे आकडे खोटे नसतील. ऱ्हास झाला तो तेथील समाजाचा. पवार यांना हे पुढे पुरते उमगले होते असे वाटते. कारण २०१२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या कथासंग्रहाचे नाव ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ असे आहे. राखेतून पुन्हा तोच पक्षी उठला नाही, दुसराच उठला, हे त्या नावातच आलेले आहे. ‘अधांतर’मध्ये जे उंबरठ्याबाहेर राहिले होते, ते या शीर्षकात एका ओळीत सामावले आहे. जयंत पवार २०२१ साली निवर्तले; गिरणगावाचा इतका जाणता साक्षीदार पुन्हा मिळणे कठीण.

तेव्हा ऱ्हास दोन प्रकारचा असतो. एकात नगर ओस पडते. दुसऱ्यात नगर फुलते आणि नागरिक हद्दपार होतो. पहिल्याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील मोटारींचे नगर डेट्रॉइट. १९५० साली तेथील लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. २०१० पर्यंत ती सात लाखांच्या आसपास आली आणि जुलै २०१३ मध्ये त्या नगराने दिवाळे जाहीर केले. दुसऱ्याचे उदाहरण परळ. आपल्या विदर्भातले नागपूर हेही या दृष्टीने बोधप्रद आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल आज नाही. तिच्या जमिनीवर तिचेच नाव धारण करणारे बाजारसंकुल उभे आहे. नागपूर बुडाले नाही, याचे कारण रेल्वे, विद्यापीठ, न्यायालय, व्यापार असे दुसरे खांब त्यास होते. परंतु गिरणीतून बाहेर पडलेल्या कामगारास त्या खांबांचा आधार मिळालाच असे नाही. नगर तरणे व माणूस तरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे आणखी एक प्रत्यंतर.

आता पुसदेकडे पाहू. पूस नदीच्या काठचे, डोंगरांनी वेढलेले हे गाव. २०११ च्या शिरगणतीत येथील वस्ती ७३ हजारांच्या आसपास होती. येथे गिरणगाव कधीच नव्हते. पण एका पिकावर जगणारी बाजारपेठ निश्चित होती. कापूस घरात आला की जिनाची चाके फिरणार, सराफाची पेढी उघडणार, कापडाच्या दुकानात गर्दी होणार. आणि बोंडे सडली की सारी पेठ डोळे मिटून बसणार. अलीकडे सोयाबीनची जोड मिळाली आहे, परंतु दोन्ही पिके एकाच आभाळाकडे पाहणारी. याच तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ साली, एकाधिकार कापूस खरेदी योजना अंमलात आली. शेतकऱ्यास हमीचा भाव देण्याचा तो मोठा उपक्रम तीसेक वर्षे चालला. तथापि कापूस विकत घेणे निराळे आणि कापसाचे कापड येथेच करणे निराळे. गाठी बांधून बाहेर पाठविणाऱ्या गावास भावाची हमी मिळाली तरी कसबाची हमी मिळत नाही. २००२ नंतर बीटी बियाण्याने उत्पन्नाची आशा वाढविली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने तिचा मोठा भाग कुरतडून टाकला. यवतमाळ जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांतून ज्या कारणाने वारंवार येते, ते येथील वाचकांस सांगावयास नको.

पुसदेत मनोरे उठणार नाहीत, तेव्हा परळचा ऱ्हास आपल्या वाट्यास येण्याचे भय नाही. डेट्रॉइटप्रमाणे घरेही ओस पडलेली नाहीत. उलट नव्या वसाहती वाढत आहेत. मग धोका कोणता? तो मला वर्गात बसल्या बसल्या दिसतो. १९८३ पासून येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; कला, वाणिज्य व विज्ञान यांचे शिक्षण तर त्याही आधीपासून मिळते. दरवर्षी शहाणी-सवरती मुले पदवी घेतात आणि पुण्याची गाडी धरतात. आईबाप अभिमानाने सांगतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण या गावाने कापसाच्या पैशावर जी पिढी शिकविली, तिला परत बोलावील असे एकही काम येथे वाढू नये, हा एक प्रकारचा ऱ्हासच नव्हे काय? ‘अधांतर’मधील मुले जमीन असून निराधार झाली; आपली मुले आधार मिळवितात, पण जमीन सोडून. दोन्हीकडे बापाची पिढी आणि मुलाची पिढी यांच्यामधला दुवा निखळला आहे.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते : एकउद्योगी नगर उद्योग बसल्याने खालावतेच, असा नियम नाही. तो उद्योग भरात असताना त्याने मिळविलेला पैसा, जमीन, कसब व शिक्षण कोणाच्या हाती राहिले, यावर सारे अवलंबून आहे. गिरणगावात जमीन कामगाराच्या हाती नव्हती, म्हणून भरभराट त्याच्या डोक्यावरून गेली. पुसदेत शिक्षण लोकांच्या हाती आले आहे, ही जमेची बाजू. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गावर पुसदेचे नाव आहे, तेव्हा दळणवळणाची जुनी अडचणही कधी तरी दूर होईल. पण आगगाडी दोन्ही दिशांनी धावते. ती रुईच्या गाठी आणि तरुण माणसे घेऊन जाण्यापुरतीच ठरू द्यावयाची नसेल, तर सूत, कापड, तेल, यंत्रदुरुस्ती असे कापसाला लागून असलेले व कापसावर न विसंबणारेही धंदे येथे रुजविण्याची खटपट आजच, पेठ चालू असतानाच, केली पाहिजे. भोंगा थांबल्यावर तो विचार सुचून काय उपयोग होतो, हे पवार यांच्या नाटकातील त्या एका खोलीत पुरेपूर दिसते. पुसदेच्या हौशी मंडळींनी हे नाटक येथे करून पाहावे, अशी माझी मनापासून सूचना आहे. मुंबईचे म्हणून ते बसविले जाईल. पण प्रेक्षकांना त्यात आपले घर ओळखू येईल, याविषयी मला संशय नाही.